विज्ञानाची व्याख्यानं, आकाशदर्शन आणि प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जण मिळून महिन्यातून एकदा विज्ञानाचा कार्यक्रम करतो. कधी व्याख्यान, कधी आकाशदर्शन, कधी नुसते प्रयोग. पुण्या-मुंबईत काही चांगलं असलं की गाडी ठरवून तिकडेही जातो. फोनवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत लोक गाठून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि मला जमतील तशी उत्तरं इथे लिहिली आहेत.

माझं शिक्षण दहावीपर्यंतच झालंय. मला कळेल का?

कळेल. मी स्वतः कॉमर्सची, सगळी नोकरी बँकेत काढलेली. शाळा सुटल्यावर विज्ञानाचं पुस्तक पुन्हा हातात धरलं नव्हतं. पहिल्या व्याख्यानाला गेले तेव्हा निम्मंच समजलं, पण त्या निम्म्यावर घरी येऊन दोन दिवस विचार करत होते.

आमच्या वाचनालयातलाच एक प्रसंग सांगते. विषय होता गुरुत्वाकर्षण. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "विहिरीत दगड टाकला तर पाण्याचा आवाज किती वेळाने येतो?" शाळेची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हात वर केला तो मागच्या बाकावरच्या एका शेतकरी काकांनी. म्हणाले, "आम्ही मोजत नाही, पण पाणी किती खाली गेलंय ते कानाला कळतं." सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं : दोन सेकंद लागले तर पाणी साधारण वीस मीटर खाली, म्हणजे चौसष्ट-पासष्ट फूट. आणि वेळ निम्मी, एकच सेकंद लागला तर? सगळे म्हणाले, दहा मीटर. काकांनी मान हलवली. "नाही, पाणी बरंच वर असणार. दगडाला वेग घ्यायला वेळच मिळत नाही." बरोबर होतं, उत्तर पाच मीटरच्या आसपास येतं. काकांना सूत्र ठाऊक नव्हतं, पण वस्तू कशी पडते हे सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून हा प्रश्न कुणी विचारला की मी काकांची गोष्ट सांगते.

असे कार्यक्रम नेमके कुठे होतात?

पुण्यापासून सुरुवात करते, कारण आम्हाला तेच जवळ. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी सप्रयोग व्याख्यानं होतात. ही प्रथा बरीच जुनी आहे. शिवाय सगळ्यांसाठी खुली व्याख्यानं वेगळी असतात. तिथे जाल तेव्हा अर्धा तास आधी पोहोचा आणि फुकोचा लंबक बघा. चालू असेल तर त्याच्या झोक्याची दिशा डोळ्यात धरून ठेवा, व्याख्यान ऐका आणि परत येऊन बघा. पुण्याच्या अक्षांशावर ती दिशा तासाला पाच अंशांहून थोडी कमी सरकते. लंबक वळत नसतो, त्याच्याखालची जमीन वळत असते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते तिथे उभं राहिल्यावर. आयुकातच मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात पुलंही आले.

टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ पासून हौशी मंडळींनी चालवलेली ही संस्था देशातल्या अशा संस्थांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते.

मुंबईत वरळीला नेहरू तारांगण (१९७७) आणि नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) जवळजवळ आहेत, एका दिवसात दोन्ही होतात. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. १९६६ साली स्थापन झाली, तिच्या शाखा राज्यभर आहेत, तेव्हा तुमच्या जिल्ह्यात शाखा आहे का हे आधी विचारा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' २००९ पासून चालू आहे. रविवारी सकाळी, जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये किंवा माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात, चहा घेत गप्पा. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तर मुंबईच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहेत. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे आणि पणजीला मिरामारजवळ गोवा विज्ञान केंद्र.

वेळापत्रक बदलत असतं. निघण्याआधी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर खात्री करून घ्या, विशेषतः एसटीने लांबून येणार असाल तर.

पैसे पडतात का?

व्याख्यानांना बहुधा नाही. विज्ञान केंद्रं आणि तारांगणांना तिकीट असतं, रात्रभराच्या आकाशदर्शनाला जेवण-प्रवासाचा खर्च द्यावा लागतो. आमच्या वाचनालयात काहीच नाही.

मुलांना कोणत्या वयापासून आणावं?

प्रयोगांना पाच-सहा वर्षांपासून आणा. आकाशदर्शनाला कितीही लहान चालेल, फक्त झोपेची सोय करा. तासाभराच्या व्याख्यानाला मात्र सहावी-सातवीच्या आधी मूल कंटाळतं, आणि ते त्याचं चुकत नाही. कंटाळलं तर त्याला घेऊन शांतपणे बाहेर जा, फिरवून आणा. रागावून बसवलं तर त्याला पुढच्या वेळी यावंसं वाटणार नाही.

एक विनंती आहे. मुलाने प्रश्न विचारला की शेजारून उत्तर देऊ नका. "अरे, इतकं साधं माहीत नाही?" असं तर अजिबात म्हणू नका.

प्रश्न विचारायची लाज वाटते. चुकीचा निघाला तर?

एका कार्यक्रमात घडलेला प्रसंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "चंद्र आपल्याबरोबर चालतो असं का वाटतं?" सूत्रसंचालक म्हणाले, "विषयाला धरून प्रश्न विचारा," आणि माईक पुढे गेला. ती मुलगी खाली बसली आणि परत तिने तोंड उघडलं नाही. खरं तर तो त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न होता. एसटीच्या खिडकीतून बघा : रस्त्याकडेची झाडं भराभर मागे पळतात, लांबचे डोंगर हळूहळू सरकतात आणि चंद्र जागचा हलतच नाही. जितकी वस्तू लांब, तितकं तिचं सरकणं कमी. याच हिशोबाने जवळच्या ताऱ्यांची अंतरं मोजतात. फक्त तिथे एसटीच्या जागी पृथ्वी असते आणि दोन थांब्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर. त्या मुलीने खगोलशास्त्रातली एक मोठी पद्धत आपली आपण गाठत आणली होती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. पहिले तीन प्रश्न मुलांचे, आणि कुठलाही प्रश्न विषयाबाहेरचा नाही. बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालायची गरज नाही.

जयंत नारळीकरांची एक पद्धत मला फार आवडते. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर माझ्या सहीनिशी येईल. आणि येत असे. मे २०२५ मध्ये नारळीकर सर गेले. पण आमच्या वाचनालयाच्या दारात आम्ही ठेवलेली प्रश्नांची पेटी त्यांच्या त्या पोस्टकार्डांवरूनच सुचलेली आहे.

कार्यक्रम मराठीत असतात का?

आमचे सगळे मराठीत. मराठी विज्ञान परिषद, ज्योतिर्विद्या परिसंस्था, खगोल मंडळ यांचेही बहुतेक मराठीत. मोठ्या संशोधन संस्थांमध्ये वक्ता कोण आहे त्यावर ठरतं, तेव्हा आधी विचारून घ्या.

शब्दांना घाबरू नका. कृष्णविवर, गुरुत्वीय लहरी हे शब्द आता वर्तमानपत्रात येतात. नवा शब्द आला की आमचे वक्ते तो फळ्यावर लिहून सोडवून सांगतात. इंग्रजी संज्ञा देवनागरीत लिहिली म्हणून काही बिघडत नाही. 'इलेक्ट्रॉन'ला इलेक्ट्रॉनच म्हणू, पण तो काय करतो हे आपल्या भाषेत कळलं पाहिजे. मूल ज्या भाषेत घरी भांडतं त्या भाषेत त्याने वक्त्याशी वाद घातला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

२८ फेब्रुवारीला खोडदला काय असतं? जावं का?

जावंच. १९२८ साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी पुढे त्यांच्या नावाने ओळखला गेलेला परिणाम शोधला. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, लोकांसाठी खुली होते. शाळा-कॉलेजांची मुलं आपापले प्रयोग मांडतात, शास्त्रज्ञ भेटतात. एसट्या, टेम्पो, मोटारसायकली, नुसती जत्रा असते.

एकूण तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. चौदा मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन बाहूंवर लांबवर पसरलेल्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. आमच्याकडे शेतात काम करताना मान वर केली की एखादी दिसतेच. कितीतरी वर्षं आम्ही त्यांना 'छत्र्या' म्हणायचो आणि सोडून द्यायचो.

जवळ गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे छत्री भरीव नाही. तारेची जाळी आहे, बोट जाईल एवढी भोकं, आणि त्यातून पलीकडचं आकाश दिसतं. आमच्या गटातल्या एका आजींनी तिथल्या शास्त्रज्ञाला विचारलं, "अहो, एवढ्या भोकांतून सगळं गळून नाही का जात?" त्यांनी पिठाच्या चाळणीचं उदाहरण दिलं. पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी पकडते त्यांची लांबी वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरच्या पुढेपर्यंत असते. एवढ्या लांब लहरींना ती भोकं दिसतच नाहीत, त्यांच्या लेखी ती सलग भिंतच. प्रकाशाची लहर मात्र फारच आखूड, म्हणून आपल्याला आरपार दिसतं. जाळीमुळे वजन कमी, वाऱ्याचा रेटा कमी आणि खर्चही कमी. तारांच्या दोऱ्यांवर जाळी ताणून बसवायची ही कल्पना ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. आजी घरी येईपर्यंत गाडीत प्रत्येकाला चाळणीची गोष्ट सांगत होत्या.

मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तो मनापासून बंद ठेवा. आकाशातून येणारे इशारे इतके क्षीण असतात की त्यांच्यापुढे आपल्या खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजवलेला ढोल. टोपी आणि पाणी न्या, आवारात सावली कमी आहे.

आकाशदर्शन कधी असतं? काय आणायचं?

नोव्हेंबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर आम्ही प्रयत्नही करत नाही. तारे, तेजोमेघ (वायू आणि धुळीचे ढग), आकाशगंगेचा पट्टा बघायचा तर अमावास्येच्या आसपास. चंद्र बघायचा तर शुद्ध अष्टमीच्या आगेमागे. लोक पौर्णिमेला चंद्र दाखवा म्हणतात, पण पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर सरळ पडतो, सावल्या उरत नाहीत आणि सगळं सपाट दिसतं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो.

सतरंजी, स्वेटर, कानटोपी, पाणी आणा. दव पडतं, तेव्हा पांघरूण एक जास्तच असू द्या. बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कुणी मोबाइलची स्क्रीन उघडली की सगळ्यांची ती मेहनत एका क्षणात वाया जाते.

दुर्बिणीतून फोटोसारखं रंगीत दिसतं का?

नाही, आणि हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. फोटोतले रंग कॅमेऱ्याने मिनिटं-तास प्रकाश साठवून आणलेले असतात, डोळ्याला तसं साठवता येत नाही. मृग नक्षत्रातला तेजोमेघ तुम्हाला राखाडी धुरासारखा दिसेल, शनी हरभऱ्याच्या दाण्याएवढा. २०२५ मध्ये शनीच्या कड्यांची कडा नेमकी आपल्याकडे होती, म्हणून ती रेघेसारखी झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील.

तरी शनी बघितल्यावर न ओरडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कुणीतरी दरवेळी दुर्बिणीच्या तोंडाशी जाऊन चित्र तर चिकटवलेलं नाही ना, हे तपासतं. तपासू द्या.

शून्य सावलीचा दिवस म्हणजे काय? तो २१ जूनला का नसतो?

सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांना हे वर्षातून दोनदा दिसतं. आपला अख्खा महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यात येतात. सूर्य उत्तरेकडे सरकताना एकदा आणि परतताना दुसऱ्यांदा. २१ जूनला तो कर्कवृत्तावर, म्हणजे आपल्या उत्तरेला असतो.

मे महिन्यात तो दक्षिणेकडून गावं ओलांडत वर जातो. गोव्यात महिन्याच्या सुरुवातीला, कोल्हापूरला पहिला आठवडा संपता संपता, पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला, मुंबईत त्यानंतर दोन-एक दिवसांनी, नागपूरला २६ मेच्या आसपास. जुलै-ऑगस्टमधली दुसरी खेप ढगांमुळे बहुधा हुकते.

घड्याळात बारा वाजता बघायला जाऊ नका. आपलं घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर पुण्याची खरी दुपार १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास होते. आम्ही वाचनालयाच्या गच्चीवर पाण्याचा तांब्या, स्टीलचा पेला, एक मीटरची काठी असं सगळं मांडतो. मुलं खडूने सावलीची टोकं आखत बसतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत यायला सांगतो. मीटरभर काठीची सावली तेव्हा जेमतेम चार मिलिमीटर निघते. ती चार मिलिमीटर मोजायला मागच्या मेमध्ये एक तिसरीतला मुलगा आजोबांना हाताला धरून पुन्हा घेऊन आला होता. एवढं अंतर एका दिवसात सूर्य सरकला, हे त्याने कंपासपेटीतल्या पट्टीवर वाचलं.

ग्रहण बघितलेलं चालतं का? गरोदर बाईने बाहेर यावं का?

गरोदर बाईने यावं, खावं-प्यावं, बसावं. ग्रहणातून कुठलेही वेगळे किरण येत नाहीत, सावली पडते एवढंच. चंद्रग्रहण तर नुसत्या डोळ्यांनी खुशाल बघा. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. मी वाद घातला नाही, गच्चीवर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

सूर्यग्रहणाला मात्र डोळे जपा. एक्स-रेची फिल्म, काळी काच, गॉगल, हळदीच्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काही वापरू नका. प्रमाणित ग्रहणचष्मा वापरा. सर्वांत सोपं म्हणजे घरातली चाळणी उन्हात धरा. प्रत्येक भोकातून जमिनीवर एक अशी सूर्याची कितीतरी कोरीच्या आकाराची चित्रं उमटतात. झाडाखालीही हेच दिसतं, पानांमधल्या फटी चाळणीचं काम करतात.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास आहे, पण भर पावसाळ्यात. भारतातून पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, तेही लडाख-काश्मीरच्या बाजूला. आमच्या गटातल्या दोघी आत्तापासून भिशी टाकतायत.

नेहमी आकाशच का? दुसरे विषय नसतात का?

ही तक्रार रास्त आहे. आकाशाला गर्दी जमते म्हणून आम्हीही त्याच वाटेला जातो. पण लोणारचा कार्यक्रम बघा कसा रंगला. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्यात खारं सरोवर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं आणि टीव्हीवर नको नको ते सांगितलं गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तर रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटलं, खारटपणा वाढला, ते फोफावले. त्या दिवशी प्रश्न लोणच्यापर्यंत गेले : मिठात काहीच जगत नाही म्हणून लोणचं टिकतं, मग हे कसे जगतात? तासभर चर्चा चालली.

कांद्याचा करपा, बिबट्या आणि ऊस, रक्तगट, मधमाश्या, भूकंप हे विषय झाले आहेत. तुमच्या मनात विषय असेल तर पेटीत टाका.

घरी मुलांबरोबर करता येईल असं काही?

दोनच सांगते, पण पक्के जमणारे.

पहिला मेणबत्तीचा. खिडक्या लावून घ्या, वारा नको. मेणबत्ती दोन-तीन मिनिटं जळू द्या, मग हलकेच फुंकर मारून विझवा. वातीतून पांढरा धूर सरळ वर जाईल. पेटती काडी वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे तो धूर राख नव्हे, मेणाची वाफ आहे, आणि मेणबत्तीत जळत असते ती तीच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे मुलांसमोर हा प्रयोग करायचे, एकोणिसाव्या शतकात. मोठ्या माणसाने शेजारी बसायचं, ओढणी-केस आवरून.

दुसरा काड्यांचा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. काडेपेटीच्या काड्यांचं गूल खरवडून त्या नळीत दोन्हीकडून खोचा. चौकोन करा आणि दाबा, तो कलंडून तिरका होतो. त्रिकोण करा आणि दाबा, हलत नाही. मग मुलांना घेऊन घराच्या पत्र्याखालची कैची बघा, विजेचा मनोरा बघा, नदीवरचा लोखंडी पूल बघा. त्रिकोणच त्रिकोण. अरविंद गुप्ता यांनी हे खेळणं शाळाशाळांत पोहोचवलं. ते बरीच वर्षं आयुकाच्या मुलांच्या केंद्रात होते.

याने परीक्षेत मार्क वाढतात का?

मला हा प्रश्न आई-वडील काळजीने विचारतात, म्हणून खरं उत्तर देते. मार्कांची हमी मी देणार नाही. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करायचा तर अभ्यासच करावा लागतो.

पण आत्ताच ज्यांचं नाव घेतलं त्या फॅरडेंची गोष्ट ऐका. लोहाराचा मुलगा, शाळा अर्धवट, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाईकाने त्यांना नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यांनी ऐकलेलं सगळं लिहून काढलं, स्वतः बांधलं आणि डेव्हींकडे पाठवून दिलं. पुढच्या वर्षी ते डेव्हींच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. विजेची मोटार आणि जनित्र (जनरेटर) ज्या तत्त्वांवर चालतात ती पुढे त्यांनीच शोधली, आणि १८२५ पासून मुलांसाठी नाताळची व्याख्यानंही त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. ती अजून चालू आहेत. म्हणून आम्ही दारातच प्रत्येक मुलाला एक कोरी वही देतो.

आमच्या गावात असा कार्यक्रम करायचा आहे. काय लागतं?

एक खोली, एक फळा, पन्नास माणसं बसतील एवढ्या सतरंज्या. प्रोजेक्टर असला तर ठीक, नसला तर बरं, असं माझं मत झालंय. वक्त्याच्या हातात वस्तू असली की लोक वस्तूकडे बघतात. स्लाइड असली की जांभया देतात.

वक्ता शोधायला लांब जाऊ नका. जवळच्या कॉलेजातले प्राध्यापक, कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ, तालुक्याचे डॉक्टर, पीएच.डी. करणारी गावची मुलगी. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा : चाळीस मिनिटं बोलायचं, तीस मिनिटं प्रश्न. सत्काराला पाच मिनिटांच्या वर देऊ नका. नारळ, शाल, प्रास्ताविक, मनोगत यांत पाऊण तास गेला की मुलं उठून जातात. हे आम्ही पहिल्या वर्षी सोसलंय.

वेळ बायकांना सोयीची ठेवा. आम्ही संध्याकाळी सहाला ठेवायचो तेव्हा एकही बाई येत नव्हती, तो धारेचा आणि स्वयंपाकाचा वेळ. दुपारी तीन केले आणि अर्धी सतरंजी बायकांनी भरली.

वक्ता खरं विज्ञान सांगतोय की थापा, हे कसं ओळखायचं?

"हे तुम्हाला कसं कळलं?" असं विचारा. खरा अभ्यासक खुलतो आणि कसं मोजलं, कुठे चुकलं ते सांगायला लागतो. थापा मारणारा चिडतो किंवा कुठल्या तरी मोठ्या संस्थेचं नाव पुढे करतो. "हे मला माहीत नाही" असं जो सहज म्हणतो, त्याला आम्ही पुन्हा बोलावतो. आणि भाषणाच्या शेवटी काहीतरी विकायला काढलं, मग ते तेल असो, खडा असो की भारलेलं पाणी, तर उठून या.

आजोबांना ऐकू कमी येतं, जिने चढवत नाहीत. आणू का?

जरूर आणा. पुढच्या ओळीत दोन खुर्च्या राखीव असतात. गच्चीवरचा कार्यक्रम असला तर एक छोटी दुर्बीण आम्ही खाली अंगणात लावतो, फक्त आदल्या दिवशी कळवा. मोठ्या केंद्रांत चाकाच्या खुर्चीची सोय असते का ते आधी फोन करून विचारा.

आम्ही परदेशात राहतो. मुलांना मराठीतून हे ऐकवायचंय.

यूट्यूबवर आयुका आणि मराठी विज्ञान परिषदेची व्याख्यानं सापडतील. त्याहून चांगलं म्हणजे सुट्टीत गावी याल तेव्हा एखादा कार्यक्रम गाठा. मागच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाहून आलेल्या एका मुलाने कृत्तिका या तारकापुंजातल्या चांदण्या मोजल्या. त्याच्या शहरातल्या उजेडात त्याला नुसता धुरकट ठिपका दिसायचा, इथे त्याने सात मोजल्या आणि आठव्यावरून मामेभावाशी भांडला.

कार्यक्रम संपल्यावर थांबलं तर चालतं का?

थांबाच. माईक बंद झाला, सतरंज्या गुंडाळल्या की खरे प्रश्न सुरू होतात. वक्त्यांना एसटीपर्यंत सोडायला आम्ही चालत जातो, तेव्हा बरोबर यायला कुणालाही मुभा आहे. मागच्या वेळी एसटी उशिरा आली. स्टँडच्या मागे दिवा नव्हता, व्याध वर आला होता, आणि भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या ताई टोपली बाजूला ठेवून विचारत होत्या, "सर, तो एवढा लुकलुकतोय, तसा शेजारचा का नाही?"

एसटी आली तेव्हा सर म्हणाले, पुढची कधी आहे?